लिंबू-मिरची काढा, हवा मोजा!

माझ्या भाच्याने जुनी पिकअप घेतली तेव्हा तिच्या पुढच्या बंपरला एक काळी बाहुली आणि दोरीत ओवलेली लिंबू-मिरची लटकत होती. पहिल्या मालकाने बांधलेली. मी म्हणालो, "अरे, आपण बौद्ध. हे कशाला ठेवलंस?" तो हसून म्हणाला, "राहू द्या मामा, कोणाचं काय बिघडतंय?"

काय बिघडते, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमचे उमापूर हे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले, शेवगावच्या अंगाला असलेले गाव. या भागातला माणूस दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. माझ्या बहिणीचे आणि मेहुण्यांचे अर्धे आयुष्य कारखान्याच्या तळावरच्या कोपीत गेले. त्यांच्या मुलाने कोयता हातात घ्यायचा नाही, असे ठरवून थोडे कर्ज काढले, थोडे उसने घेतले आणि ही पिकअप आणली. ज्या घरात पूर्वी सायकलसुद्धा नव्हती, त्या घरासमोर चार चाके उभी राहिली. त्या दिवशी माझ्या बहिणीने बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावली आणि ती रडली. वाचकहो, ही गाडी म्हणजे काय, हे तुम्हाला अधिक सांगायला नको. पिढ्यान्पिढ्यांच्या मजुरीतून बाहेर पडण्याचा तो रस्ता असतो. म्हणून त्या गाडीचे चाक डळमळले, तर सगळे घर डळमळते.

आणि चाक डळमळले.

गाडी डावीकडे ओढते

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. भाचा कांदा, कापूस, भाजीपाला अशी भाडी करीत होता. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, गाडी डाव्या हाताला पळतीय. स्टिअरिंग सोडलं की रस्त्याच्या खाली उतरायला बघती. आणि साठच्या पुढं गेलं की हातात थरथरतंय."

वस्तीत चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, नजर लागली. दुसरा म्हणाला, लिंबू वाळले आहे, नवे बांध. तिसऱ्याने अमावास्येला चाकाखाली नारळ फोडण्याचा सल्ला दिला. भाचा शहाणा, त्याने नारळ फोडला नाही. तो शहरातल्या एका गॅरेजवर गेला. तिथे गाडी उचलून न पाहताच, "पूर्ण स्टिअरिंग बॉक्स बदलावा लागेल, बावीस हजार खर्च येईल," असे सांगण्यात आले. बावीस हजार म्हणजे त्याचे दोन हप्ते! तो तोंड पाडून घरी आला.

मी कारकुनी करणारा माणूस. मला गाडीतले काही कळत नाही. पण बिल पास करण्याआधी मोजमाप पाहायचे, एवढे मला नोकरीने शिकवले आहे. मी म्हणालो, "दुसऱ्याला दाखवू." आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाळीस वर्षे ट्रक आणि ट्रॅक्टरखाली झोपून काम केलेला माणूस. आम्ही सकाळी सकाळी गाडी त्यांच्याकडे नेली. चाचांनी बोनेट उघडले नाही की स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांनी खिशातून हवा मोजायचे मीटर काढले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पहले हवा देखो. बाकी बाद में."

दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेली पट्टी असते. तिच्यावर पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये किती हवा असावी, ते छापलेले असते. भाच्याने ती कधी वाचलीच नव्हती. त्या आकड्यापेक्षा पुढच्या डाव्या टायरमध्ये बारा पौंड हवा कमी निघाली आणि उजव्या टायरमध्ये दोन पौंड जास्त. दोन्हीत चौदा पौंडांचा फरक! भाचा म्हणाला, "पण चाचा, मी तर रोज टायरला लाथ मारून बघतो." चाचा म्हणाले, "बेटा, लाथ से हवा नहीं मालूम होती."

चाचांनी डाव्या टायरच्या व्हॉल्व्हला साबणाचे पाणी लावले. बारीक बुडबुडे आले. व्हॉल्व्हच्या आतली सुई खराब झाली होती आणि वरची टोपी कधीच हरवली होती. ही होती ती 'नजर'.

हवा आणि स्टिअरिंग यांचा संबंध काय?

चाचांनी जे समजावले आणि मी नंतर वाचून ताडून पाहिले, ते सोप्या शब्दांत सांगतो.

गाडीचे वजन टायरचे रबर पेलत नाही. टायरच्या आतली हवा पेलते. गॅरेजच्या भाषेत आपण नुसते 'पौंड' म्हणतो, तो म्हणजे दर चौरस इंचावर हवेचा असलेला दाब. हवा कमी झाली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि फिरताना जास्त अडतो. पुढची दोन चाके एकाच ताकदीने फिरली, तर गाडी सरळ जाते. डावे चाक अडायला लागले, तर गाडी डावीकडे ओढते. दोन्ही पुढचे टायर नरम असले, तर गाडी कोणत्याच बाजूला ओढत नाही, पण स्टिअरिंग जड होते, वळवायला दंड दुखतात. मागचे टायर नरम असले, तर पुढे सगळे ठीक असूनही गाडी मागून डुलते आणि वळणावर भरवशाची राहत नाही.

हवा जास्त भरली तरी चालत नाही. टायर टणक होतो, मधल्या पट्ट्यावरच टेकतो, खड्ड्यात उसळतो आणि त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. प्रत्येक धक्का टायरमधून थेट सांध्यांत जातो.

टायरची झीज पाहिली, तरी हवेचा इतिहास वाचता येतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असला, तर हवा कमी राहिली. मध्य झिजला आणि कडा शाबूत राहिल्या, तर हवा जास्त राहिली. एकच कड झिजली, तर चाकांचा कोन बिघडला, म्हणजे अलाइनमेंट करणे आले.

आमच्या गाडीत हवा सारखी केल्यावर ओढणे बरेचसे थांबले. थरथर मात्र राहिली. मग चाचांनी पुढचे चाक जॅकवर उचलले आणि दोन्ही हातांनी डावी-उजवी बाजू धरून हलवले. चाक खटखटले. टायरॉडचा सांधा ढिला झाला होता. नरम टायरवर, भरल्या मालानिशी, खड्ड्यांतून गाडी पळवल्याने त्या सांध्यावर किती दिवस मार बसला असेल, कोण जाणे. सुई, टोपी, टायरॉडचा सांधा, मजुरी, आणि पुढे तालुक्याच्या गावी केलेले अलाइनमेंट-बॅलन्सिंग मिळून चार हजारांच्या आत काम झाले. स्टिअरिंग बॉक्सला काहीही झालेले नव्हते.

आपणच करावयाची तपासणी

ज्यांच्या घरी पिकअप, छोटा हत्ती, जीप किंवा रिक्षा आहे, त्यांनी हे कापून ठेवावे.

एक : हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. गाडी पळाली की टायर तापतो आणि हवा जास्त दिसते. पट्टीवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. तापल्या टायरमध्ये हवा जास्त दिसली म्हणून ती काढून टाकणे ही मोठी चूक आहे.

दोन : तापमान साधारण दहा अंशांनी उतरले की हवा दीड-दोन पौंडांनी उतरते. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तेवढीच कशी राहील? शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला पौंड-दोन पौंड हवा आपोआप जाते. म्हणून आठ दिवसांतून एकदा मोजणे आलेच.

तीन : माल भरल्यावर मागच्या टायरला जास्त हवा लागते. रिकाम्या गाडीचा आणि भरल्या गाडीचा आकडा पट्टीवर किंवा पुस्तकात पाहा. माल अगदी मागच्या फळीला रचला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग लोण्यासारखे फिरते. ड्रायव्हरला ते बरे वाटते, पण खरे तर चाकांनी रस्ता सोडायला सुरुवात केलेली असते.

चार : हवा सारखी करूनही गाडी ओढत असेल, तर पुढचे दोन टायर आपापसांत बदलून पाहा. मात्र ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो असा बदलू नये. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा. बाजू तीच राहिली, तर दोष अलाइनमेंटचा किंवा सांध्याचा. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढत असेल, तर दोष ब्रेकचा. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात. तेव्हा डावीकडे किंचित कल असणे हा बिघाड नव्हे.

पाच : टायरच्या खाचांत मधे मधे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. चारचाकी गाड्यांसाठी नियमाने किमान १.६ मिलिमीटर खोली राहिली पाहिजे.

सहा : चालू गाडीत टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढा आणि गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्या.

काही ठिकाणी पैसे घेऊन नायट्रोजन भरतात. भरायला हरकत नाही. पण साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत मिळायला हवी, तो आपला हक्क आहे. मात्र पंपावरच्या मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. स्वतःचे मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळते.

हा प्रश्न फक्त उमापूरचा नाही

कोणी म्हणेल, थोड्याशा हवेने काय मोठे होणार आहे? त्यासाठी अमेरिकेतले उदाहरण सांगतो. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने आपले सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. हे टायर मुख्यतः फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर गाड्यांना होते. वेगात असताना टायरचा वरचा पट्टा सुटायचा आणि गाडी उलटायची. अडीचशेहून अधिक माणसे मेली. टायरच्या घडणीत दोष होताच. पण फोर्डने सांगितलेला २६ पौंडांचा दाब कमी आहे, असे फायरस्टोनचे म्हणणे होते आणि दोन कंपन्यांत मोठा वाद झाला. या घटना उष्ण प्रदेशात जास्त घडल्या होत्या. याचे कारण समजून घ्या. नरम टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. एका किलोमीटरला चाक चारशेहून अधिक फेरे घेते. लोखंडी तार वाकवून सोडवून जशी गरम होते, तसा टायर आतून तापतो. त्यात वरून ऊन, खालून तापलेला रस्ता आणि पाठीवर ओझे! मराठवाड्याच्या मे महिन्यात हे तिन्ही आपल्याकडे असते. त्या प्रकरणानंतर अमेरिकेने नवीन कायदा केला आणि हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र नव्या मोटारींना सक्तीचे झाले. आपल्या जुन्या पिकअपला ते यंत्र नाही. आपले यंत्र म्हणजे खिशातले मीटर.

आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तिथे अपघात वाढले तेव्हा झिजलेल्या टायरांच्या गाड्या तपासण्याची मोहीम परिवहन विभागाला हाती घ्यावी लागली. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटला, असे चालकाने सांगितले होते. आरटीओच्या अहवालात मात्र तसा पुरावा आढळला नाही. म्हणजे टायरवर आळ घालतानासुद्धा तपासूनच बोलले पाहिजे.

१४ जानेवारीचा प्रसंग

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत आपल्या समाजाने काय सोसले, ते मराठवाड्यातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीला ठाऊक आहे. म्हणून दरवर्षी १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटला वंदन करायला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. त्या वर्षी आमच्या वस्तीने भाच्याच्या पिकअपमधून जायचे ठरवले होते. चोवीस माणसे, त्यांत नऊ मुले. मागे सतरंजी टाकून बसायचे, काहींनी उभे राहायचे, निळे झेंडे लावायचे. आणि हा बेत ठरला, तेव्हा डाव्या टायरमध्ये बारा पौंड हवा कमी होती, टायरॉड खटखटत होता आणि बंपरला लिंबू-मिरची होती!

गाडी दुरुस्त झाली, तेव्हा सगळे म्हणाले, "आता काय भीती?" मी विम्याचा कागद बाहेर काढला. मालवाहू गाडीच्या विम्यात चालक असतो, रस्त्यावरचा तिसरा माणूस असतो, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून भरलेल्या मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी असतो. फुकट किंवा भाडे देऊन मागे बसलेला प्रवासी त्यात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 'न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध आशा राणी' या खटल्यात २००२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणजे अपघात झाला, तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर, म्हणजे माझ्या भाच्यावर. ज्याचे कर्ज अजून फिटलेले नाही, तो चोवीस घरांना काय देणार? आणि ज्याच्या घरचा माणूस जाईल, त्याला काय मिळणार?

भाचा चिडला. म्हणाला, "मामा, हजारो लोक असेच येतात." मी म्हणालो, "येतात, आणि त्यांतले काही परत येत नाहीत. बाबासाहेबांना आपली गर्दी हवी होती, आपली प्रेते नव्हे." रागाच्या भरात बोलून गेलो खरा. वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ म्हणतेत ते खरंय. आपण एसटीनं जाऊ." मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. हिशेब करून पाहिला, तर डिझेलपेक्षा फार जास्त खर्च येत नव्हता. आम्ही एसटीने गेलो. गेटला वंदन केले आणि रात्री सगळेच्या सगळे घरी आलो.

सूनबाईची वही

बातमी झाली नाही, म्हणून गोष्ट संपत नाही. माझ्या भाच्याची बायको बारावीपर्यंत शिकली आहे. मी तिला एक वही दिली आणि पाच रकाने आखून दिले : तारीख, किलोमीटर, चार टायरची हवा, डिझेल आणि खर्च. दर रविवारी सकाळी ती मीटर लावून हवा मोजते आणि लिहिते. पहिल्या महिन्यात शेजारणी हसल्या, "बाई माणूस टायर तपासतीय!" आज त्यांच्याच घरचे लोक आपली मोटारसायकल तिच्याकडे आणून हवा मोजून घेतात. एका रविवारी मागच्या उजव्या टायरमध्ये आदल्या आठवड्यापेक्षा आठ पौंड कमी आले. तिने नवऱ्याला भाड्यावर जाऊ दिले नाही. टायरमध्ये खिळा निघाला. भाडे गेले, पण टायर वाचला. आणखी काय वाचले, हे वहीत लिहिता येत नाही.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा कोणी मोठा माणूस सांगतो, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानू नका. स्वतः पारखून घ्या. 'नजर लागली' हे ऐकीव होते. 'स्टिअरिंग बॉक्स गेला' हेही ऐकीवच होते. मीटरवरचा आकडा मात्र पारखलेला होता. त्याच तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. टायरच्या हवेचेही तसेच आहे.

आपल्यापैकी कितीतरी तरुण आज गाड्या घेत आहेत. बँकेचे कर्ज काढून, आईचे दागिने मोडून, महात्मा फुले महामंडळाच्या पायऱ्या झिजवून घेत आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, गाडीला निळा झेंडा जरूर लावा, काचेवर 'जय भीम' जरूर लिहा. पण त्याआधी दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा.

भाच्याच्या बंपरची काळी बाहुली त्याने स्वतःच काढली. मी सांगितले नव्हते. त्या जागी काय बांधणार, म्हणून विचारले, तर म्हणाला, "काही नाही मामा. मीटर डॅशबोर्डात आहे."

जय भीम!